सोनकीच्या दिवसांत मसाई पठार : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

गणपती गेले की पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर सोनकीचं पिवळं रानफूल फुलतं, असं कोल्हापुरात कुणीही सांगेल. ते अर्धंच खरं आहे. गणपती तिथीनं येतात आणि अधिक महिना आला की पुढं सरकतात. सोनकीला तिथी कळत नाही, तिला पाऊस आणि ऊन कळतं. म्हणून शेतकरी लावतात तो हिशेब लावा. उत्तरा नक्षत्राचे शेवटचे चार-पाच दिवस आणि हस्ताचा पहिला आठवडा, म्हणजे साधारण २२ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर. त्या वर्षी पाऊस रेंगाळला असेल तर आणखी आठवडाभर पुढं. त्याआधी गेलात तर पठार हिरवंगार असेल, पांढरे गेंद आणि तेरड्याचा गुलाबी रंग भरपूर मिळेल, पण पिवळं सोनं नाही. उशिरा गेलात तर गवत वाळायला लागलेलं आणि सोनकी बी धरून बसलेली. मधले हे पंधरा दिवसच काय ते खरे.

मी हे लिहायला बसलो ते माझ्या भाचीमुळं. ती कॅनडात असते. गेल्या वर्षी तिनं तिथल्या डोंगरातले फोटो पाठवले. लार्च नावाचं झाड. दिसायला पाइन-देवदारासारखं, पानं सुईसारखी. पण त्याचे बाकीचे भाऊबंद वर्षभर हिरवे राहतात आणि हे मात्र थंडीच्या तोंडावर सगळ्या सुया गाळून टाकतं. गाळण्याआधी पानांतला हिरवा रंग ओसरतो, पिवळा वर येतो, आणि अख्खी दरी दोन-तीन आठवडे सोन्याची होते. तेवढं बघायला तिथले लोक पहाटे उठून डोंगर चढतात. तिनं विचारलं, "मामा, आपल्याकडं असं काही आहे का ओ?" मी म्हटलं, ये एकदा, दाखवतो. ती येणार म्हणून तिच्यासाठी सगळं एका कागदावर काढलं. मग वाटलं, कोल्हापुरात राहूनही मसाईवर कधी न गेलेले कितीतरी जण आहेत, त्यांनाही ते कामाला येईल.

एक गोष्ट आधीच सांगतो. लार्च बघताना मान वर करावी लागते. सोनकी पायाशी असते. म्हणून मसाईवर नवख्या माणसानं शिकायची मुख्य गोष्ट एकच, पाऊल कुठं टाकायचं. चढण अवघड नाही, अंतर फार नाही. पण जांभ्या दगडावर, चिखलात, कड्याजवळ, गवतात आणि फुलांत पाऊल कुठं ठेवायचं, हे कळलं की दिवस छान जातो.

आदल्या संध्याकाळी

बूट आधी काढून बघा. तळव्याची नक्षी झिजलेली असेल तर ते बूट नकोत. सप्टेंबरअखेर पठारावरचा जांभा वरून कोरडा दिसतो, पण जिथं पाणी झिरपत असतं तिथं काळपट शेवाळाचा पातळ थर असतो आणि त्यावरून गुळगुळीत तळवा सरळ निसटतो. नवे कोरे बूटही घालून जाऊ नका, टाच सोलते. आठ-दहा दिवस रंकाळ्यावर फेरी मारून मऊ केलेले बूट उत्तम.

मोजे लांब हवेत आणि घट्ट विणीचे. कारण कुसळं. ऑक्टोबरच्या तोंडावर गवताला कुसळं धरतात आणि ती मोज्यातून आत शिरून पावलापावलाला टोचत राहतात. लोकरी किंवा सैल विणीच्या मोज्यांत ती अशी अडकतात की घरी येऊन मोजे टाकूनच द्यावे लागतात. पायात पूर्ण पँट. अर्ध्या चड्डीवर आलेली पोरं दुपारपर्यंत पोटऱ्या खाजवत बसलेली मी दर वर्षी बघतो. त्या गवतात गोचिडीही असतात, म्हणूनही पाय झाकलेले बरे.

पाणी माणशी तीन लिटर. हे जास्त वाटेल, पण सकाळी धुकं आणि अकराला ऑक्टोबरचं ऊन, अशी तिथली तऱ्हा. पठारावर झाड जवळपास नाही, त्यामुळं सावलीही नाही. डबकी दिसतील, ती गुरांची आहेत. टोपी घ्या. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, त्याचं कारण पुढं येईल.

खायला माझ्या मते भाकरीच. ज्वारीची भाकरी, वर हिरव्या मिरचीचा खर्डा, शेंगदाण्याची चटणी, एखादा कांदा. फडक्यात बांधून घेतली की सहा तासांनीही चांगली लागते, आणि मागं प्लॅस्टिकचा कागद उरत नाही. खिशात भडंग आणि गुळाचा खडा. बिस्किटं-वेफर्स नेणार असाल तर पुडे घरीच फोडून डब्यात भरा. वाऱ्यानं उडालेला एक चकचकीत कागद त्या पठारावर फर्लांगभर लांबून दिसतो.

मोबाईलवर नकाशा आधीच उतरवून ठेवा, वर रेंज सगळीकडं मिळत नाही. आणि 'दामिनी' ॲप घ्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं विजेच्या इशाऱ्यासाठी काढलेलं आहे ते, फुकट आहे. घरी कुणाला तरी सांगून ठेवा की मसाईला चाललोय, दुपारी दोनपर्यंत फोन येईल.

पन्हाळ्यापर्यंत, आणि तिथून पुढं

कोल्हापूरहून पन्हाळा साधारण वीस किलोमीटर. शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडायची, केर्ली, मग वाघबीळचा चढ, की आलं पन्हाळा. एसटी आहे, पण पहाटे वर पोहोचायचं असेल तर दुचाकी किंवा चारचाकीच सोयीची. घरातून पाचला निघा. त्या दिवसांत सूर्य सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान उगवतो. उजाडताना पन्हाळ्यावर असलात तर ऊन तापायच्या आत पठार गाठता येतं.

पन्हाळ्यापासून पुढं दोन प्रकारे जाता येतं. पायांत जोर असेल तर पन्हाळ्यावरूनच चालत निघा. गडाच्या पश्चिम अंगाला राजदिंडी आहे, तिथून खाली उतरायचं, तुरुकवाडी, म्हाळुंगे करत पुढं पठारावर चढायचं. रमतगमत तीनेक तास जाताना धरा, आणि तेवढेच येताना. बरोबर लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर म्हाळुंग्याच्या बाजूनं गाडीनं पायथा जवळ करा आणि शेवटची चढण चाला. दोन्ही प्रकारांत वाट विचारायला लाजू नका. शेतात कुणी तरी असतंच. "मामा, मसाईची वाट हीच का?" म्हटलं की हातातलं काम थांबवून माणूस बांधापर्यंत येतो आणि कुठल्या वळणावर डावीकडं जायचं ते दाखवतो. नकाशापेक्षा ते खात्रीचं.

राजदिंडीवर पाच मिनिटं थांबाच. जुलै १६६० मधली आषाढ पौर्णिमेची रात्र. सिद्दी जौहरचा वेढा चार महिने पडलेला, वर धो धो पाऊस, आणि महाराज निवडक मावळ्यांसह इथून उतरून याच मसाई पठारावरून विशाळगडाकडं गेले. दुसऱ्या पालखीत शिवा काशीद बसून वेगळ्या वाटेनं गेला. पुढं घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांची फौज उभी राहिली, म्हणून आज ती पावनखिंड. दर वर्षी आषाढात हजारो लोक दोन दिवसांत पन्हाळा ते पावनखिंड चालतात, आणि त्यांच्या पायांनी ही वाट जिवंत राहिली आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात पन्हाळाही आहे. मला मात्र राजदिंडीवर उभं राहिलं की दर वेळी एकच विचार येतो. काळोखात, चिखलात, पालखीचे भोई त्या उतारावर पाऊल कसं रोवत असतील? आपण लख्ख उजेडात, कोरड्या वाटेनं उतरतोय, निदान खाली बघून तरी उतरावं.

उतरताना घाई नको. पावसाळ्यात हजारो पायांनी तुडवलेली वाट सप्टेंबरात वरून सुकते आणि आत लोण्यासारखी असते. टाच आधी टेकवू नका, पूर्ण तळवा टेकवा, पावलं छोटी ठेवा. हातात काठी असेल तर उत्तम, कुठल्याही कुंपणाची उपसू मात्र नका.

पाऊल कुठं टाकायचं

शेवटची चढण संपते आणि एकदम सगळं सपाट होतं. पहिल्यांदा येणाऱ्यांना हे अपेक्षित नसतं. डोंगराच्या माथ्यावर शेंडा असावा तर इथं मैदान. एकापुढं एक अशा पायऱ्यापायऱ्यांची पठारं, लांबवर मसाई देवीचं देऊळ. दक्षिणेला खाली कासारीचं खोरं, उत्तरेला वारणेचं. पूर्वेला वळून बघितलं तर पन्हाळा आणि त्याच्या पलीकडं जोतिबाचा डोंगर.

हे सपाट कसं, तर जांभ्यामुळं. काळा दगड लाखो वर्षं पावसात झिजत गेला, त्यातलं बाकीचं वाहून गेलं आणि लोखंड-ॲल्युमिनियम वर साठून तांबडा, सच्छिद्र, टणक थर उरला. त्यावर माती कुठं चार बोटं, कुठं तीही नाही. एवढ्याशा मातीत झाड मूळ धरू शकत नाही. पावसाळाभर ती चिंब असते आणि हिवाळ्यात खडखडीत. म्हणून इथं टिकतात त्या लहान वनस्पती. चार महिन्यांत उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि संपायचं. आपल्याला जो सोहळा वाटतो तो त्यांचा जगण्याचा सगळा वेळ आहे. हा थर पाणीही धरतो आणि सावकाश खाली सोडतो, पायथ्याचे झरे त्यावर चालतात. कासारी पुढं पंचगंगेला मिळते. पंचगंगेच्या पाण्यात मसाईचा थेंब असतो, हे लक्षात ठेवून इथं चाला.

चालायचं ते उघड्या जांभ्यावरून आणि मळलेल्या पाऊलवाटेवरून. एवढाच नियम, पण तो पाळणं वाटतं तितकं सोपं नाही, कारण फुलं वाटेपासून दोन हातांवर असतात आणि फोटोसाठी पाय आपोआप आत जातो. मग मागचा माणूस त्याच ठशावर पाय ठेवतो, आणि संध्याकाळपर्यंत तिथं नवी वाट पडते. चार बोटं मातीत एकदा चाकोरी पडली की पुढच्या पावसात पाणी तिथूनच वाहतं आणि माती घेऊन जातं. गाडीच्या चाकोरीचं तर बोलायलाच नको. एका वर्षी कुणी तरी चारचाकी थेट फुलांत घातली होती. दुसऱ्या वर्षी मी त्याच जागी गेलो, तर दोन लांब तांबडे पट्टे तसेच उघडे होते, त्यात गवताचं पातंसुद्धा नव्हतं. मला ते बघून फार वाईट वाटलं, अजून वाटतं. मसाई पठार आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे. पण प्रत्येक पावलामागं वनरक्षक उभा करता येत नाही. गाडी खाली लावा.

आता सोनकी. पहिल्यांदा बघणारा पिवळं दिसेल त्याला सोनकी म्हणतो. थोडं थांबून फरक बघा. जमिनीलगत पसरलेलं, फुलपाखरासारखं पिवळं फूल आणि त्यावर दोन लाल ठिपके असतील तर तो कवला, ज्याला आता सगळे मिकी माऊस म्हणतात. सोनकी उभी असते, गुडघ्याच्या खाली-वर, फांद्यांच्या टोकाला झुपके, आणि फूल सूर्यफुलाच्या धाकट्या बहिणीसारखं. ती खरंच त्याच कुळातली. जांभ्याच्या भेगांत, उतारांवर, दगडी बांधांच्या कडेनं ती दाट येते, आणि वारा आला की अख्खा उतार एका बाजूला झुकून परत उभा राहतो.

भिंग न्या, पाचवी-सहावीतल्या मुलांकडं असतं ते साधं चालेल. दगडावर पालथं पडा, एक फूल भिंगाखाली धरा, तोडायचं नाही. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते एक नसतंच. बाहेरची प्रत्येक पिवळी पाकळी हे एक वेगळं फूल. मधल्या गोल चकतीत नळीसारखी इवली-इवली फुलं खच्चून बसवलेली, कडेची आधी उमललेली, मधली अजून मिटलेली. उमललेल्या नळीतून पिवळा दांडा वर आलेला आणि त्याचं टोक दोन भागांत उलगडून मागं वळलेलं. त्यावर बारीकशी माशी येते, एकामागून एक नळी तपासत गोल फिरते, अंगाला पराग माखून उडते. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा बरोबरचे लोक पुढं निघून गेले होते आणि मला पत्ताच नव्हता.

सोनकीचं शास्त्रीय नाव सेनेसिओनं सुरू होतं. लॅटिनमध्ये सेनेक्स म्हणजे म्हातारा. फुलं संपली की या वनस्पतींच्या बियांना पांढरे केस येतात आणि त्या वाऱ्यावर निघतात, म्हणून ते नाव. आपण लहानपणी हवेत तरंगणारा असा पांढरा पुंजका पकडायचो, त्याला आपणही म्हातारीच म्हणायचो. त्यांनी म्हातारा बघितला, आपण म्हातारी.

सोनकीत हरवून बाकीचं सोडू नका. जिथं जांभ्यावर अजून पाण्याचा ओलावा आहे तिथं निळी-जांभळी सीतेची आसवं शोधा. नाव हळवं आहे, पण ही वनस्पती शिकारी आहे. जांभ्यात नत्र फारच कमी, म्हणून ती मातीत असलेल्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव ओढून घेते. तिच्या आसपास गेंदाच्या पांढऱ्या घुंड्या उरलेल्या असतात. कातळाच्या सावलीत उशिराचा तेरडाही सापडेल.

फोटो काढायचेच असतील तर सात ते नऊ. ऊन तिरपं असतं, फुलांच्या पलीकडून येऊ द्यावं, पाकळ्या आतून उजळल्यासारख्या दिसतात. त्यासाठी जांभ्यावर बसा, फुलांवर नव्हे. फुलं तोडून केसांत माळून काढलेले फोटो मला बघवत नाहीत. घरी पोहोचेपर्यंत ते फूल मान टाकतं.

ढग

हा भाग दोनदा वाचा.

मी पहिल्यांदा मसाईवर गेलो ते दुपारी. सकाळी काम होतं, म्हटलं जेवून निघू. अडीचला आम्ही तिघं पठाराच्या मधोमध होतो. आकाश निळं, ऊन रणरणतं. विशाळगडाच्या बाजूनं एक ढग वर येत होता, फुलकोबीसारखा, पांढराशुभ्र, आणि आम्ही त्याचे फोटो काढत होतो. वीस मिनिटांत त्याचा तळ काळा झाला. पहिला गडगडाट झाला तेव्हा आम्ही हसलो. दुसऱ्याला जमीन हादरल्यासारखी वाटली. थेंब सुरू झाले, तशी मी छत्री उघडली आणि तिघं एका एकट्या झाडाकडं पळायला लागलो. तेवढ्यात म्हशी घेऊन उतारावरून खाली निघालेले एक मामा जोरात ओरडले, "पावणं, छत्री मिटा पयली! अन् त्या झाडाखाली जाऊ नगा, हिकडं या." त्यांनी आम्हाला उतारावर, सारख्या उंचीच्या झुडपांच्या पट्ट्यात खाली नेलं. एकमेकांपासून पाच-सहा हातांवर उकिडवं बसवलं, पाय जवळ, मान गुडघ्यात. अर्धा तास आम्ही तसे बसलो होतो. वर पठारावर वीज पडताना ऐकली. तो आवाज कडकड नसतो, कापड फाटल्यासारखा असतो आणि लगेच छातीत बसतो.

जुलैतल्या पावसाला विजेची भीती फारशी नसते. हस्ताच्या पावसाला असते. मान्सून माघारी निघालेला, हवेत ओल अजून भरपूर, आणि वरून ऑक्टोबरचं ऊन जमीन तापवतं. सकाळी निरभ्र, दुपारी ढग उभे, तीन-चारला गडगडाट, हा त्या दिवसांचा ठरलेला क्रम. आणि मसाईवर सगळ्यात उंच वस्तू बहुधा तुम्हीच असता.

म्हणून वेळेची मर्यादा घालून घ्या. साडेअकराला परत फिरायचं आणि एकच्या आत पठार सोडायचं, आकाश कितीही निळं असो. 'दामिनी' बघत राहा, पण रेंज नसेल तेव्हा कानावर विसंबा. चमक दिसल्यापासून मोजायला लागा. दर तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर. तीस मोजायच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि तेवढ्या अंतरावरून ती तुमच्यावर येऊ शकते. लगेच खाली उतरा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत परत वर चढू नका. एकटं झाड, कड्याची धार, पाण्याचं डबकं, तारेचं कुंपण, यांपासून लांब. गाडी जवळ असेल तर काचा बंद करून आत बसणं सगळ्यात सुरक्षित.

धुक्याचं वेगळं. सकाळी पठारावर ढग उतरतो आणि दहा हातांपलीकडचं दिसत नाही. सपाटीवर खुणेचं झाड नाही, डोंगराचा शेंडा नाही, चारी बाजू सारख्या. अशा वेळी चालत राहणं ही चूक. वाटेवरच बसून राहा, ते अर्ध्या-पाऊण तासात वर सरकतं. धुक्यात कडा पायाखाली येईपर्यंत कळत नाही, आणि काठावरचं ओलं गवत दरीकडं झुकलेलं असतं. एरवीही काठापासून आठ-दहा पावलं आत राहा. सेल्फी काढत उलटं चालणारा माणूस दिसला तर ओळख नसली तरी हाक मारा. आणि चढून वर आल्या-आल्या मागं वळून बघा, आपण कुठून वर आलो ते डोळ्यांत साठवा. परतताना सगळ्या उतरणी सारख्याच दिसतात.

साप असतात. फुरसं जांभ्याच्या कपारीत दगडाच्या रंगाचं होऊन बसतं, घोणस गवतात. बसण्याआधी दगड काठीनं ठोका, कपारीत हात घालू नका, दगड उलटवू नका. चावलाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. पाय हलू न देता माणसाला उचलून खाली आणायचं आणि १०८ला फोन करायचा. पन्हाळ्यावर ग्रामीण रुग्णालय आहे, कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय. भगताकडं नेण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. गवेही या डोंगरांत आहेत. पहाटे किंवा तिन्हीसांजेला समोर आला तर उभे राहा, आवाज करू नका, त्याला जायला वाट द्या. तो जातो.

परत येताना

पठाराच्या कुशीत पांडवदरा लेणी आहेत. पहिल्या खेपेला ती बेतात धरू नका. सोनकीसाठी आलेल्या माणसाचं मन लेण्यात राहत नाही, आणि ढगांच्या वेळेत घाई होते. हिवाळ्यात परत या, तेव्हा आकाश दिवसभर मोकळं असतं आणि लेणी निवांत बघता येतात.

देवळाशी बसून भाकरी खा. कांद्याची साल, केळ्याचं सालपटसुद्धा पिशवीत घाला. तिथल्या मातीला ते नको आहे आणि म्हशींच्या पोटात प्लॅस्टिकसकट जातं. कुणाचा तरी पडलेला कागद दिसला तर तोही उचला. मी प्रत्येक खेपेला एक रिकामी पिशवी त्यासाठीच नेतो, आणि ती दर वेळी भरते.

उतरताना म्हाळुंग्यात कुणाच्या दारात म्हातारी आजी भुईमुगाच्या शेंगा वाळवत बसलेली असेल. पाणी मागा, मिळतं. शेंगा विकत मागितल्या तर ती मूठभर तशाच देते आणि पैसे घेत नाही, म्हणून तिच्याकडून आणखी काही तरी विकत घ्या, भाजी असेल, काकडी असेल. पठार आपल्यासाठी सहलीचं ठिकाण आहे, त्यांच्यासाठी गुरांचं रान.

आणि गाडीत बसायच्या आत, पठाराच्या कडेलाच, बूट काढून मोजे बघा. त्यांत कुसळं असतील, काळपट बारीक बी असेल, एखादा पांढरा केसाळ पुंजका चिकटलेला असेल. तो कोल्हापुरात आणून मोरीत झटकू नका. मोजे तिथंच, वाऱ्याकडं तोंड न करता, गवतावर झटका.